दोन इंचांचा हिशेब

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्वी फार तर बादली, फडकं आणि गाडी पुसणारे एखादे काका दिसायचे. आता चित्र बदललंय. एखादी जीप पुढून उचलून ठेवलेली असते, दोन चाकं भिंतीला टेकवलेली, जुन्या सतरंजीवर कॉलेजातला मुलगा आडवा झालेला, मोबाइलवर व्हिडिओ चालू आणि त्याचे दोन मित्र सल्ले द्यायला उभे. "काय बिघडलं रे?" असं विचारलं की उत्तर येतं, "बिघडलं काही नाही काकू, लिफ्ट किट बसवतोय. गाडी दोन इंच वर जाणार!"

हे लोण आता जीपवाल्या हौशी मुलांपुरतं राहिलेलं नाही. घरच्या साध्या हॅचबॅकलाही "स्पेसर टाकून घेऊ" म्हणणारे नवरे, दीर आणि भाचे घरोघरी सापडतील. किट कुरिअरने घरी येतं, व्हिडिओ फुकट बघायला मिळतो, पाने शेजारच्यांकडून आणता येतात. आणि आपण? "करा काय करायचं ते, पण साडेचारला मला गाडी हवी, पिंकीला क्लासला सोडायचंय," एवढं बोलून मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, इथेच थोडं थांबायला हवं. त्या गाडीत आपण बसतो, मुलं बसतात, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बसतात. कितीतरी जणी आता ती गाडी स्वतः चालवतात, कशेडी नाहीतर माळशेजचा घाट उतरतात. शिवाय अनेक घरांत गाडी बाईच्याच नावावर असते आणि त्याला कायद्यात फार महत्त्व आहे. तो मुद्दा पुढे येईलच. आधी ही दोन इंचांची भानगड काय आहे, ते समजून घेऊ.

गाडी खाली का टेकते?

गाडीचा सगळ्यात खालचा भाग आणि रस्ता यांच्यातलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांचा हा आकडा साधारण १६० ते १७० मिलिमीटर असतो. एसयूव्ही म्हणून मिरवणाऱ्या गाड्यांचा २०० च्या आसपास. मारुतीच्या जिम्नीचा २१०, तर महिंद्राच्या २०२० साली आलेल्या थारचा २२६.

आता स्पीडब्रेकरकडे बघू. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेल्या मापानुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असायला हवा. म्हणजे हळूच चढणारा, हळूच उतरणारा. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने त्यावरून गाडी जाता यावी, असा त्याचा हिशेब. एवढ्या उंचवट्याला १६५ मिलिमीटरची गाडी टेकायचं कारणच नाही. पण आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर कुणी मोजून घातलेत? उरलेलं डांबर ओतून केलेले, अरुंद आणि टोकदार. पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि मधलं पोट नेमकं त्या टोकावर येतं.

त्यात गाडीत पाच माणसं, डिकीत गावाहून आणलेला तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या. कागदावरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. माणसं बसली की गाडी दबणारच. सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर मागे कायमचं वजन वाढलेलं असतं.

अजून एक कारण कुणी सांगत नाही. गाडी जुनी झाली की स्प्रिंगही थकतात. सात-आठ वर्षं खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीचा मागचा भाग नवी असताना होता त्यापेक्षा खाली बसलेला असू शकतो. अशा गाडीला किटची गरज नसते. कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर टाकले की ती आपोआप मूळ उंचीवर येते. खर्च होतो, पण गाडी मूळची होती तशीच राहते.

किट म्हणजे नेमकं काय?

"लिफ्ट किट" या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यातली सगळ्यात स्वस्त म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायची रबराची किंवा सिलिकॉनची गोल कडी. बसवायला अर्धा तास पुरतो. पण तिने स्प्रिंगचे एक-दोन वेढे कामातूनच जातात. उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो, गाडी कडक होते आणि स्प्रिंग मोडायची शक्यता वाढते.

दुसरा प्रकार स्पेसरचा. स्प्रिंगच्या वर किंवा खाली एक जाड चकती. पाटाखाली वीट ठेवली की पाट उंच होतो, तसंच हे. स्प्रिंग तीच, शॉकॲब्सॉर्बरही तोच. पण जो शॉकॲब्सॉर्बर आधीच्या उंचीसाठी बनवलाय, तो आता कायम थोडा ताणलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की त्याचा दांडा शेवटच्या टोकाला जाऊन आपटतो.

तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण किट. लांब स्प्रिंग, त्यांच्या मापाचे लांब शॉकॲब्सॉर्बर आणि लागतील ते जोड. खरं किट म्हणावं ते हेच आणि महागही हेच. ताडोब्याच्या सफारीत दिसणाऱ्या जिप्सीसारख्या गाड्यांना गोल स्प्रिंग नसून पाटे असतात. तिथे पाटा वाढवून किंवा पाट्याची कडी लांब करून गाडी उंच करतात.

यात एक गंमत आहे, ती जाहिरातीत लिहीत नाहीत. जिम्नी किंवा जिप्सीसारख्या गाड्यांना दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा अखंड लोखंडी आस असतो. त्याच्यावर जो फुगीर गोळा दिसतो, तो म्हणजे डिफरन्शिअल. या गाड्यांचा जमिनीला सगळ्यात जवळचा भाग तोच. आणि तो चाकांना बांधलेला असतो, स्प्रिंगला नाही. स्प्रिंग कितीही लांब लावा, तो गोळा होता तिथेच राहतो. वर जाते ती बॉडी. म्हणजे मधलं पोट आणि पुढचा-मागचा बंपर वाचतो, पण खालचा आकडा तसाच. तो वाढवायचा तर टायर मोठे घ्यावे लागतात. साध्या हॅचबॅकची रचना निराळी असल्यामुळे तिथे मात्र आकडा खरंच वाढतो.

पार्किंगमध्ये काम कसं चालतं?

जिम्नीसारखी गाडी उदाहरणाला घेऊ. अशा गाडीचं काम घरी करतात आणि जमतंही. पण ते व्हिडिओत दिसतं तसं वीस मिनिटांत होत नाही. पहिल्यांदा करणाऱ्या दोघांचा अख्खा दिवस जातो.

पहिली अट जागेची. जमीन सपाट आणि कडक हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅकचा पाय रुततो, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा ठेवायचा. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. "हँडब्रेक ओढलाय की!" हे उत्तर पुरेसं नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची चाकंच हवेत गेली की तो असून नसल्यासारखा. तेव्हा गाडी थांबवतात ते पुढच्या चाकांचे ठोकळे.

दुसरी अट, या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त पंक्चर झाल्यावर चाक बदलायला असतो. काम करायचं तर सांगाड्याच्या मजबूत भागाखाली दोन जॅक स्टँड लावायचे, गाडीचं वजन त्यांच्यावर सोडायचं, हाताने गाडी हलवून बघायची आणि मगच खाली जायचं. विटांची चळत, दगड, जुनी रिम हे चालत नाही. वीट वजनाखाली सांगून फुटत नाही. घरात कुणी हे काम करत असेल आणि जॅक स्टँड नसतील, तर त्या दिवशी काम बंद. बाकी काही कळो न कळो, एवढं आपण ठणकावून सांगू शकतो.

मग चाकांचे नट. गाडी जमिनीवर असतानाच ते थोडे सैल करायचे, नाहीतर चाक हवेत गरगर फिरतं. चाक निघालं की आसाखाली वेगळा जॅक लावून त्याला आधार द्यायचा. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढायचा. पावसाळे पाहिलेल्या गाडीत तो गंजलेला असतो, म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं बरं. ब्रेकच्या रबरी नळीची आणि एबीएसच्या वायरीची पकड सोडवून घ्यायची. आता आसाखालचा जॅक हळूहळू उतरवायचा. आस खाली येतो, स्प्रिंगवरचा दाब जातो आणि ती हाताने बाहेर निघते. इथे सगळी नजर हवी ती ब्रेकच्या नळीवर. आस उतरताना ती ताणली गेली, की आतून चिरू शकते आणि वरून काही दिसत नाही.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेतच बसलं पाहिजे. काही किटमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, चिठ्ठी वाचून लावायच्या. मग नवा शॉकॲब्सॉर्बर, बोल्ट आणि चाक. ज्या सांध्यांत रबरी बुश असतात, त्यांचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना घट्ट आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून गाडी नव्या उंचीवर उभी राहिली की मगच आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती आवळायचं याचे आकडे असतात. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. "दम लावून आवळलंय" हे माप नव्हे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे.

हे झालं जीपचं. घरच्या हॅचबॅकची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच नळकांड्यात बांधलेले असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. त्यातली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कोंडलेली असते, शेकडो किलोंच्या जोराने. वरचा नट चुकीच्या पद्धतीने उघडला तर ती गोळीसारखी सुटते. ती आवळून धरायला खास अवजार लागतं आणि ते वापरायला सवय लागते. हे काम पार्किंगमध्ये, भाड्याच्या अवजाराने, व्हिडिओ बघत करायचं नाही. इथे गॅरेजच.

दोन इंचांनी काय काय बदलतं?

गाडी उंच झाली, फोटो काढून झाले. आता ती चालवायची आहे आणि चालवताना फरक जाणवतो.

जिम्नीसारख्या गाड्यांत आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी दांडी असते, पॅनहार्ड रॉड. तिचं एक टोक बॉडीला, दुसरं आसाला. बॉडी वर गेली की ही दांडी तिरपी होते आणि आख्ख्या आसालाच एका बाजूला ओढते. म्हणजे चाकं एका बाजूने जास्त बाहेर, दुसऱ्या बाजूने आत. त्यासाठी कमी-जास्त करता येणारी दांडी लावावी लागते. पुढच्या चाकांचा कॅस्टर नावाचा कोनही कमी होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येतं ते या कोनामुळे. तो बिघडला की महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. म्हणून किट बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणं अगदी आवश्यक.

मग गाडी कलंडण्याचा प्रश्न. सोपं गणित आहे. डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराच्या निम्म्याला गाडीच्या वजनाच्या मध्याच्या उंचीने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी स्थिर. समजा चाकांत १४०० मिलिमीटर अंतर आहे आणि मध्य ७०० वर आहे. ७०० भागिले ७००, म्हणजे एक. आता बॉडीबरोबर मध्यही जवळजवळ ५० ने वर गेला. ७०० भागिले ७५०, म्हणजे ०.९३. सहा-सात टक्के स्थिरता गेली. सिग्नलपर्यंत जाऊन येताना हे कळत नाही. घाटात अचानक समोर म्हैस आली आणि स्टिअरिंग झटकन वळवावं लागलं, की कळतं. नव्या गाड्यांत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, पण तिची जुळवणी मूळ उंचीच्या गाडीवर केलेली असते.

फक्त पुढूनच गाडी उंच केली असेल तर हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅचबॅकमध्ये इंजिनाकडून चाकाकडे जाणारे दांडे जास्त तिरपे होतात, त्यांची रबरी टोपणं लवकर फाटतात आणि ग्रीस बाहेर पडून सांधा खराब होतो.

आणि चढण्या-उतरण्याचं काय? दोन इंच म्हणजे घरातल्या एका पायरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. तरुण मुलाला त्याचं काहीच वाटत नाही. पण साडी सावरत, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात नातू घेऊन चढणाऱ्या बाईला विचारा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी येणाऱ्या आईला विचारा. किट मागवणाऱ्यांनी ही चौकशी क्वचितच केलेली असते.

नाव कुणाचं, दंड कुणाला?

आता तो कायद्याचा मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील जुळेनासा होईल, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. नियमांत न बसणारा बदल गाडीत करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

शब्द नीट वाचा. कायदा "मालक" म्हणतो. पाना कुणी फिरवला, किट कुणी मागवलं, हे नंतरचं. आरसीवर नाव तुमचं असेल, तर आधी प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. अपघात झाला तर विमा कंपनीही गाडीतले बदल तपासते, आणि न कळवलेला बदल सापडला तर भरपाईचा दावा अडू शकतो. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शनच्या बिघाडाची जबाबदारी कंपनी नाकारू शकते. म्हणून किटची ऑर्डर देण्याआधी आरटीओत चौकशी, विमा कंपनीला विचारणा आणि दोन्हीकडून मिळेल ते उत्तर लेखी घेणं, हा क्रम. किट विकणारा "सगळे बसवतात हो" म्हणेल. तो दंडाच्या वेळी आपल्याबरोबर येणार नाही.

मग करायचं काय?

गाडी टेकते म्हणून वैतागला असाल तर आधी स्वस्तातले उपाय करा. टायरमधली हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाएवढी आहे का, ते बघा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दाब वेगळा दिलेला असतो. डिकीत वर्षभर पडलेलं सामान काढा. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्या आणि थकले असतील तर मूळ मापाचे बदला. मोठा स्पीडब्रेकर थोडा तिरका घेतला की पोट वाचतं, अर्थात मागेपुढे गाडी नाही ना हे बघून. सोसायटीतला स्पीडब्रेकर कमिटीनेच घातलेला असतो. पुढच्या मीटिंगमध्ये त्याचं माप विचारा. एका गाडीला उंच करण्यापेक्षा एक उंचवटा तासणं कितीतरी सोपं, आणि फायदा साठ घरांना.

आणि खरोखर डोंगर-दऱ्यांत गाडी चालवायची हौस असेल, परवानगीचा प्रश्न सुटला असेल, तर बाईने या कामापासून लांब राहायचं काहीच कारण नाही. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीसारख्या मोठ्या गाड्या जोडणाऱ्या साखळीवर मुली काम करतात. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुलींना प्रवेश असतो. या कामाला ताकदीपेक्षा लांब दांड्याचा पाना आणि सबुरी जास्त लागते. आणि डाळ किती शिट्ट्यांत शिजते हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यांना कोणता बोल्ट कधी आणि किती आवळायचा हे समजायला अवघड नाही.

सुरुवात मात्र अगदी साधी आहे. येत्या रविवारी शिवणाची टेप घ्या. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर बॉडीच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. चार चाकं, चार आकडे. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा मोडलीय, गॅरेजवाल्याला दाखवा. मग घरातल्या सगळ्यांना आत बसवा आणि पुन्हा मोजा. मागची गाडी किती दबते, ते समोर येईल. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर हे आठ आकडे तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. "गाडी उंच करू या" असा विषय घरात निघाला, की ते पान समोर ठेवायचं आणि मगच बोलायला बसायचं.